कायदा आणि कुटुंब : डॉक्टरांचीच स्मृती ओसरू लागते तेव्हा

सांगली, कोल्हापूर, बारामती वा पुण्याच्या पेठेतील एखाद्या व्यापारी घराण्यातील थोरला मुलगा डॉक्टर होऊन अमेरिकेत स्थायिक झाला, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. १९६५ साली अमेरिकेने आपला स्थलांतरविषयक कायदा बदलला आणि त्यानंतर भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने तिकडे गेले. त्या पहिल्या पिढीतील बहुतेक जण आज निवृत्त आहेत. त्यांच्यामागून १९९० च्या दशकात गेलेले डॉक्टर मात्र आज पन्नाशी ओलांडून साठीच्या आसपास आले आहेत. अनुभव आणि मिळकत या दोन्ही दृष्टींनी हा त्यांचा भराचा काळ होय. याच काळात एखाद्याच्या वाट्याला स्मरणशक्ती आणि आकलनशक्ती क्षीण करणारा आजार आला, तर त्या कुटुंबाने काय करावे, याचा विचार फार थोड्या घरांत झालेला असतो.

एक कल्पित, परंतु अनेक घरांना ओळखीचे वाटेल असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दर रविवारी अमेरिकेहून थोरल्या बंधूंचा फोन येतो. ते शल्यविशारद आहेत. "यंदा हळदीला भाव काय मिळाला?" असे ते विचारतात. दुकानात बसलेले धाकटे बंधू भाव सांगतात. दहा मिनिटांनी दादा पुन्हा तोच प्रश्न विचारतात आणि फोन ठेवण्यापूर्वी तिसऱ्यांदाही विचारतात. धाकट्यांना वाटते, दादा थकले असतील. काही आठवड्यांनी वहिनींचा वेगळा फोन येतो. "भाऊजी, कोणाला सांगू नका. ह्यांना रोजचा रस्ता आठवेनासा झाला आहे. परवा एका रुग्णाला तेच औषध ह्यांनी दोनदा लिहून दिले. परिचारिकेच्या लक्षात आले म्हणून बरे."

'कोणाला सांगू नका' या तीन शब्दांत या विषयाचे सारे दुखणे सामावलेले आहे. कुटुंब लाजेपोटी आणि प्रेमापोटी गप्प राहते. त्या मौनाची किंमत आधी रुग्णांना मोजावी लागते आणि पुढे त्याच कुटुंबाला.

धोका कोणाकोणाला?

वय वाढल्याने प्रत्येक डॉक्टरची बुद्धी मंदावते, असे नाही. तरीही प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील येल न्यू हेवन रुग्णालयाने सत्तर वर्षे व त्यापुढील वयाच्या १४१ वैद्यकीय व्यावसायिकांची स्मरण व आकलनविषयक चाचणी घेतली. त्यांपैकी १८ जणांमध्ये, म्हणजे १२.७ टक्के लोकांमध्ये, स्वतंत्रपणे काम करण्याच्या क्षमतेला बाधा आणू शकेल अशी उणीव आढळली. हे निष्कर्ष २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. पुढच्याच महिन्यात केवळ वयावरून अशी चाचणी सक्तीची करणे भेदभावाचे आहे, असे म्हणत तेथील समान रोजगारसंधी आयोगाने त्या रुग्णालयाविरुद्ध दावा दाखल केला. रुग्णाची सुरक्षितता आणि डॉक्टरचा सन्मान यांचा मेळ घालणे किती अवघड आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

साठीच्या आतील डॉक्टरांमध्ये हा आजार विरळ असतो. पण आला तर अधिक घातक ठरतो. घराचे कर्ज फिटलेले नसते, मुलांचे शिक्षण चालू असते आणि भारतातील वृद्ध आईवडिलांचा भारही काही अंशी त्या मिळकतीवर असतो. अशा प्रसंगासाठीच बहुतेक डॉक्टरांनी तरुणपणी अपंगत्व विमा, म्हणजे डिसॅबिलिटी इन्शुरन्स, घेतलेला असतो. वर्षानुवर्षे हप्ते भरलेले असतात. तथापि तो विमा प्रत्यक्ष पदरात पाडून घेणे ही स्वतंत्र लढाई असते आणि ती लढण्याची वेळ येते ती नेमकी लढण्याची शक्ती ओसरत असताना.

पॉलिसी कोणती, कायदा कोणता

हा विमा दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार डॉक्टरने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वैयक्तिक पॉलिसीचा. चांगल्या वैयक्तिक पॉलिसीत 'स्वतःचा व्यवसाय' ही व्याख्या असते. शल्यविशारदाला शस्त्रक्रिया करणे अशक्य झाले, तर तो शिकवू शकत असला वा सल्ला देऊ शकत असला तरी त्याला पूर्ण अपंगत्व आले, असे अशा पॉलिसीत मानले जाते. मात्र या व्याख्येचेही अनेक पोटप्रकार आहेत. काही पॉलिसींत दुसरे काम पत्करताच रक्कम थांबते. म्हणून पॉलिसीतील शब्द न् शब्द वाचावा लागतो.

दुसरा प्रकार रुग्णालयाने वा नोकरी देणाऱ्या संस्थेने काढलेल्या सामूहिक विम्याचा. यात बहुधा पहिले २४ महिने 'स्वतःचा व्यवसाय' पाहिला जातो आणि त्यानंतर 'कोणताही व्यवसाय' ही कठोर कसोटी लागू होते. मेंदूचे काम मंदावलेला माणूस दुसरी कोणती तरी साधी नोकरी करू शकेल, असा युक्तिवाद तेव्हा कंपनी करू शकते.

दोन्ही प्रकारांत रक्कम लगेच सुरू होत नाही. वैयक्तिक पॉलिसीत साधारणतः ९० दिवस आणि सामूहिक विम्यात अनेकदा १८० दिवस प्रतीक्षाकाळ असतो. बहुतेक पॉलिसींची रक्कम वयाच्या ६५ व्या वा ६७ व्या वर्षापर्यंतच मिळते. करातही फरक आहे. कर भरून उरलेल्या स्वतःच्या पैशातून हप्ते दिले असतील, तर मिळणारी रक्कम सामान्यतः करमुक्त असते. हप्ते संस्थेने भरले असतील, तर ती करपात्र ठरते.

कायद्याच्या दृष्टीने हा भेद याहूनही महत्त्वाचा आहे. वैयक्तिक पॉलिसीचा वाद त्या त्या राज्याच्या विमा कायद्यानुसार चालतो. कंपनी अप्रामाणिकपणे वागली असेल, तर अनेक राज्यांत ज्यूरीपुढे जाऊन अधिक नुकसानभरपाई मागता येते. सामूहिक विम्याला मात्र बहुधा १९७४ चा केंद्रीय कायदा लागू होतो. तो 'एरिसा' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. सरकारी संस्था आणि धार्मिक संस्थांच्या योजना सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर असतात. एरिसाखाली दावा नाकारला गेला, तर कंपनीकडेच अपील करण्यासाठी १८० दिवस मिळतात. ते अपील न करता थेट न्यायालयात जाता येत नाही. न्यायालयात गेल्यावरही बहुधा ज्यूरी नसते आणि न्यायाधीश मुख्यतः अपिलाच्या वेळी दप्तरात असलेली कागदपत्रेच पाहतात. जे कागद तेव्हा जोडले नाहीत, ते पुढे जोडता येतील याची शाश्वती नसते. वर्षाची वही एकदा बंद झाली की तीत मागाहून नोंद करता येत नाही, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. एरिसाखालील अपील ही अशी वही बंद होण्याची घटका होय.

हे दावे का अडतात

पाय मोडला तर क्ष-किरण चित्र दाखवता येते. स्मरणशक्तीचे तसे नाही. त्यातून दावेदार डॉक्टर असेल, तर चार अडचणी विशेष उद्भवतात.

पहिली अडचण बुद्धिमत्तेची. प्राथमिक तपासणीसाठी 'मोका' नावाची ३० गुणांची चाचणी वापरली जाते. तीत २६ वा अधिक गुण सामान्य मानले जातात. उच्चशिक्षित डॉक्टर आजार सुरू झाल्यावरही २७ गुण सहज मिळवू शकतो. म्हणून अनुभवी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून अनेक तासांची सविस्तर चाचणी करून घ्यावी लागते. जो पूर्वी शंभरांत पंचाण्णवा असणार, तो आता पन्नासावा आला, तर कागदावर त्याचा निकाल 'सरासरी' दिसतो. सरासरी बुद्धीच्या बळावर मात्र मेंदूची वा हृदयाची शस्त्रक्रिया करता येत नाही. ही घसरण अहवालात स्पष्ट शब्दांत मांडलेली नसेल, तर कंपनी 'सरासरी' या एका शब्दावर बोट ठेवते.

दुसरी अडचण निदानाच्या नावाची. बुद्धीच्या ऱ्हासाबरोबर अनेकदा खिन्नता येते. बहुतेक सामूहिक आणि अनेक वैयक्तिक पॉलिसींत मानसिक विकारांसाठीची रक्कम २४ महिन्यांपुरतीच मर्यादित असते. मूळ आजार मेंदूचा असूनही कागदोपत्री प्रथम 'नैराश्य' नोंदले गेले, तर कंपनी त्या मर्यादेचा आधार घेते. म्हणून न्यूरोलॉजिस्टने मेंदूच्या प्रतिमा व चाचण्या यांच्या आधारे शारीरिक कारण नोंदवणे अगत्याचे ठरते.

तिसरी अडचण स्वतःची जाण हरपण्याची. या आजारात अनेकदा रुग्णाला आपण आजारी आहोत, हेच उमगत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याने फोनवर विचारले की, "आपण कसे आहात?", तर डॉक्टर अभिमानाने म्हणतात, "उत्तम!" ते उत्तर दप्तरात जाते.

चौथी अडचण सर्वांत नकळत ओढवते. आजाराची चाहूल लागताच डॉक्टर हळूहळू काम कमी करतात. शस्त्रक्रिया सोडून केवळ बाह्यरुग्ण तपासू लागतात आणि दीड-दोन वर्षांनी दावा करतात. तेव्हा कंपनी म्हणते की, दाव्याच्या वेळी आपला व्यवसाय शस्त्रक्रियेचा नव्हताच; बाह्यरुग्ण तपासणे तर आपल्याला अजून जमते. मिळकतही तोवर घटलेली असल्याने तिच्यावर आधारलेली रक्कम कमी ठरते. कोणी खचून राजीनामाच दिला, तर बहुधा सामूहिक विम्याचे छत्रच डोक्यावरून जाते. कामाचे तास ठरावीक मर्यादेखाली गेले तरीही तसे होऊ शकते.

दोन वह्यांचा धोका

या सर्वांहून नाजूक प्रश्न तारखेचा आहे. अपंगत्व कोणत्या दिवशी सुरू झाले, हे अर्जात लिहावे लागते. रक्कम लवकर सुरू व्हावी म्हणून एखादे कुटुंब वर्षभरापूर्वीची तारीख लिहिते. पण त्या वर्षभरात डॉक्टर रुग्ण तपासत होते. परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जात 'कामास बाधा आणणारा कोणताही आजार नाही' असेही त्यांनी लिहून दिलेले असू शकते. एका वहीत एक आणि दुसरीत दुसरे, अशी स्थिती होते. विमा कंपनी विचारते, यांतले खरे कोणते? एखाद्या रुग्णाचे नुकसान झाले असेल, तर त्याचा वकीलही तेच विचारतो. मौन वाढत जाते तसतसे या दोन वह्यांतील अंतरही वाढत जाते.

म्हणून जाणकार वकील अशा कुटुंबाला जो क्रम सांगतात, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सर्वप्रथम, रुग्णांना धोका पोहोचेल असे काम तात्काळ थांबवावे. परंतु राजीनामा देऊ नये, वैद्यकीय रजा घ्यावी. त्यानंतर न्यूरोलॉजिस्ट व न्यूरोसायकॉलॉजिस्ट यांच्याकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. त्याच वेळी सर्व पॉलिसी, त्यांची पुरवणीपत्रे आणि सामूहिक योजनेची कागदपत्रे एकत्र करून वकिलाला दाखवावीत. निदान हाती आल्यावर विलंब न करता दावा दाखल करावा. नोकरी सोडण्याचा, व्यवसायातील भागीदारी विकण्याचा वा परवान्याबाबतचा निर्णय त्यानंतर, वकिलाच्या सल्ल्याने घ्यावा. बहुतेक राज्यांत आजारी डॉक्टरांना साहाय्य करणारे वैद्यकीय स्वास्थ्य कार्यक्रम आहेत. त्यांची मदत केव्हा घ्यावी, हेही वकिलाला विचारून ठरवावे.

या क्रमात रुग्णाचे हित पहिले आहे आणि तेच दाव्याच्याही हिताचे आहे. वेळेवर काम थांबवले असेल, तर कामाचा शेवटचा दिवस, निदान आणि अपंगत्वाची तारीख एकमेकांशी जुळतात. अशा दाव्यात दडवण्यासारखे काही उरत नाही.

वकील नेमके काय करतात

अशा दाव्यांचा विशेष अनुभव असलेले वकील अमेरिकेत आहेत. घराची खरेदी वा व्हिसाचे काम पाहणारा ओळखीचा वकील येथे पुरेसा पडत नाही. कोणत्या पॉलिसीला कोणता कायदा लागू होतो, हे ते प्रथम ठरवतात. मग डॉक्टरच्या कामाचे यथार्थ वर्णन तयार करतात. अमेरिकेत प्रत्येक उपचाराला बिलासाठी सांकेतिक क्रमांक असतो. त्या क्रमांकांच्या मागील एक-दोन वर्षांच्या नोंदी हा डॉक्टरचा रोजमेळच होय. आठवड्याला किती शस्त्रक्रिया होत होत्या, किती तास उभे राहून निर्णय घ्यावे लागत होते, हे त्यातून सिद्ध होते. सहकारी, परिचारिका आणि पत्नी यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रसंगांची लेखी निवेदने वकील मिळवतात. कंपनीच्या मुलाखतीला हजर राहतात, कंपनीने नेमलेल्या तज्ज्ञांकडून होणाऱ्या तपासणीच्या अटी तपासतात आणि मुदती सांभाळतात.

उपचार करणाऱ्या डॉक्टरचे प्रमाणपत्र असले की काम झाले, असा समज अनेकांचा असतो. तो खरा नाही. एरिसाखालील योजनांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या मताला विशेष वजन दिलेच पाहिजे असे नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ब्लॅक अँड डेकर विरुद्ध नॉर्ड या प्रकरणात दिला. मात्र विश्वसनीय पुरावा मनमानीपणे डावलता येणार नाही, हेही त्याच निकालात सांगितले आहे. २००८ च्या मेटलाइफ विरुद्ध ग्लेन या निकालाने आणखी एक आधार दिला. दावा मान्य करायचा की नाही हे ठरवणारी आणि पैसे देणारी संस्था एकच असेल, तर तो हितसंबंधांचा संघर्ष न्यायालयाने विचारात घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. या निकालांचा नेमका उपयोग केव्हा करायचा, हे तज्ज्ञ वकीलच जाणतात.

मोबदल्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. अर्जाच्या टप्प्यावर काही वकील ठरावीक रक्कम वा तासाप्रमाणे शुल्क घेतात. दावा नाकारल्यानंतर बहुधा मिळालेल्या रकमेचा टक्का ठरतो. तो टक्का केवळ थकलेल्या रकमेवर आहे की पुढे दरमहा मिळणाऱ्या रकमेवरही, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. कधी कधी कंपनी एकरकमी तडजोड सुचवते. तिचे आजचे मूल्य आणि वयाच्या ६५ व्या वर्षापर्यंतची दरमहाची रक्कम यांचा हिशोब मांडल्याशिवाय होकार देऊ नये. या कामी व्यापारी घरातील बंधूंचा अनुभव खरोखर उपयोगी पडू शकतो.

खासगी विम्याखेरीज सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतूनही अपंगत्व वेतन मिळू शकते. अकाली आलेला अल्झायमर हा २०१० पासून, निर्णय त्वरेने व्हावा अशा आजारांच्या यादीत आहे. तरीही अपंगत्व सुरू झाल्यापासून पाच पूर्ण महिन्यांचा प्रतीक्षाकाळ धरला जातो आणि सामूहिक विमा कंपनी ती सरकारी रक्कम बहुधा आपल्या रकमेतून वजा करते.

शुद्धीत असताना करावयाच्या गोष्टी

काही कागद निदानाच्याही आधी तयार असावेत. पत्नीला वा विश्वासू व्यक्तीला दिलेले टिकाऊ मुखत्यारपत्र हा त्यांपैकी पहिला. भारतात मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की १८७२ च्या करार कायद्यानुसार ते संपुष्टात येते. अमेरिकेतील टिकाऊ मुखत्यारपत्र मात्र नेमके त्याच काळासाठी असते. मात्र ते करून देताना सही करणाऱ्याला त्याचा अर्थ कळला पाहिजे. उशीर झाला, तर न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची दीर्घ प्रक्रिया पार पाडावी लागते. भारतातील वडिलोपार्जित दुकान वा जमीन यांत त्या डॉक्टरांचा वाटा असेल, तर त्याची व्यवस्थाही ते समजण्याच्या स्थितीत असतानाच व्हावी. अमेरिकेतील कागद येथील व्यवहाराला पुरेल, असे गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. विसराळूपणामुळे एखादा हप्ता चुकतो, सवलतीची मुदत उलटते आणि ज्या आजारासाठी विमा घेतला त्याच आजारामुळे विमा बुडतो. म्हणून हप्ते बँकेतून आपोआप जावेत अशी व्यवस्था करावी आणि थकबाकीची सूचना पत्नीला वा मुलालाही मिळावी, असे कंपनीला लेखी कळवावे. पॉलिसी कोठे ठेवल्या आहेत, हे घरातील आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. घरात दिसलेले प्रसंग तारखेसह, जसे घडले तसे लिहून ठेवावेत. वाढवून लिहू नयेत. सविस्तर चाचण्यांतच, परीक्षार्थी मनापासून प्रयत्न करतो आहे की नाही, हे तपासणारे भाग असतात आणि कंपन्या कधी कधी दावेदारावर पाळतही ठेवतात. अतिशयोक्तीने खरा दावाही खोटा ठरतो.

राहिला प्रश्न दूर बसलेल्या कुटुंबाचा. सांगलीतील धाकट्या बंधूंना अमेरिकेचा कायदा ठाऊक असण्याचे कारण नाही. पण दादांनी एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, हे प्रथम त्यांनीच ऐकले. वहिनींनी "कोणाला सांगू नका" म्हटल्यावर ते एवढे निश्चित म्हणू शकतात : "वहिनी, दादांची अब्रू त्यांनी आयुष्यभर रुग्णांची काळजी घेतली म्हणून आहे. ती राखायची, तर उद्या त्यांनी शस्त्रक्रिया करू नये. रजेचा अर्ज आणि डॉक्टरांची वेळ, दोन्ही याच आठवड्यात होऊ द्या. पॉलिसींचे कागद शोधून ठेवा. दादांशी मी बोलतो."

असे बोलणे सोपे नसते. ज्यांच्या शिक्षणासाठी घराने काटकसर केली आणि ज्यांच्या नावाने गावात घर ओळखले जाते, त्यांना 'आता थांबा' असे धाकट्याने सांगायचे असते. ते ऐकून दादा प्रथम रागावतील. कदाचित दुसऱ्या दिवशी ते बोलणेच विसरतील आणि पुन्हा सांगावे लागेल. तरीही ते वेळेवर सांगितले, तर एखादा अनोळखी रुग्ण वाचतो, दादांचे नाव निष्कलंक राहते आणि त्यांनी तीस वर्षे भरलेल्या हप्त्यांचे मोल त्यांच्या पत्नीमुलांच्या हाती पडते.